मायोइलेक्ट्रिक हाताच्या तीन नियंत्रण पद्धती: वापरून पाहिल्यानंतरचा अभिप्राय

कृत्रिम हात विकत घ्यायला निघालेला माणूस सहसा हाताकडेच पाहतो. बोटे सुटी हलतात का, मूठ किती घट्ट मिटते, वरचे ग्लोव्ह कातडीच्या रंगाला जुळते का, मोटरचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल का, असे प्रश्न तो विचारतो आणि विक्रेताही त्यांचीच उत्तरे पाठ करून आलेला असतो. स्नायूने दिलेला इशारा यंत्रापर्यंत कसा पोहोचतो आणि यंत्र त्याचा अर्थ कसा लावते, हा प्रश्न मात्र पैसे भरून झाल्यावर, घरी पहिला चहाचा कप हातातून निसटतो तेव्हा पडतो. माझ्या पहिल्या मायोइलेक्ट्रिक, म्हणजे स्नायूंच्या विजेवरून इशारे घेणाऱ्या, हाताच्या बाबतीत असेच झाले आणि तो हात दीड वर्षात कपाटात गेला. म्हणून या वेळी, दुसरा हात घेण्यापूर्वी, हात एकच ठेवून त्याला चालवण्याच्या तीन पद्धती मी पाच आठवडे वापरून पाहिल्या. हा अभिप्राय त्या पद्धतींचा आहे. हाताच्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे जे बरेवाईट लिहिले आहे ते त्या एका कंपनीपुरते नाही.

माझ्याविषयी आवश्यक तेवढे सांगतो. डावा हात 2009 साली घरच्या कडबाकुट्टीत गेला आणि कोपराखाली साधारण 14 सेंटीमीटर भाग शिल्लक राहिला. ही लांबी सांगण्याचे कारण असे, की बोटे हलवणारे बरेचसे स्नायू तळहातात नसून कोपराखालच्या भागात असतात. त्यामुळे पंजा गेल्यावरही ते मागे उरतात आणि नसलेली मूठ आवळायची म्हटले की आजही इमानेइतबारे आकसतात. ज्यांचा हात कोपरालगत किंवा कोपराच्या वर गेला आहे, त्यांनी माझे अनुभव तंतोतंत आपल्याला लागू धरू नयेत. मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. या विषयातला तज्ज्ञ नाही, पण मोजमाप कसे करावे आणि कशाला मोजमाप म्हणू नये, याची थोडीफार सवय आहे. चाचणीसाठी पुण्यातील एका केंद्राने पारदर्शक प्लास्टिकची दोन तात्पुरती सॉकेट, म्हणजे उरलेल्या हातावर चढवायची कवचे, करून दिली, एकात त्वचेवरून स्नायूंचा सिग्नल टिपणारे दोन इलेक्ट्रोड आणि दुसऱ्यात आठ, आणि पुढे लावायला तोच एक सुट्या बोटांचा हात दिला. काळ एप्रिल-मे महिन्यांचा होता. सुटी असते म्हणून मी तो निवडला होता, पण चाचणीसाठी तोच सर्वांत योग्य ठरला, तो का ते पुढे येईल.

त्वचेवर मिळणारा स्नायूंचा सिग्नल फार बारीक असतो; काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत त्याची धाव. त्याची उपयोगी शक्ती साधारण 20 ते 500 हर्ट्झ या पट्ट्यात पसरलेली असते आणि आपल्या घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण नेमकी त्याच पट्ट्यात येऊन बसते. म्हणून तयार इलेक्ट्रोडमध्येच ही गुणगुण गाळून टाकणारी व्यवस्था केलेली असते. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असल्यामुळे तिकडच्यासाठी बनवलेले इलेक्ट्रोड 60 हर्ट्झ गाळतात. तेव्हा तिकडच्या नातेवाइकाने कोणाचा तरी वापरलेला हात प्रेमाने पाठवला, तर तो घालण्याआधी ही एक गोष्ट प्रोस्थेटिस्टकडून, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून, तपासून घ्यावी. दुसरी बारीकशी गोष्ट म्हणजे कोरडी त्वचा. सकाळी अंघोळीनंतर अंग पूर्ण पुसून सॉकेट चढवले की पहिली दहा मिनिटे हात अडखळतो, कारण कोरड्या कातडीतून सिग्नल नीट येत नाही. पाण्याचे बोट इलेक्ट्रोडच्या जागी फिरवून मग सॉकेट घातले की हा त्रास जातो. ही युक्ती मला कोणत्याही माहितीपुस्तकात सापडली नाही. केंद्रात शेजारच्या बाकावर बसलेल्या एका जुन्या वापरकर्त्याने ती सांगितली.

आता पहिली पद्धत. दोन इलेक्ट्रोडची ही रीत सर्वांत जुनी आहे. म्युनिकचे राइनहोल्ड रायटर यांनी 1940 च्या दशकात स्नायूंच्या विजेवर चालणारा पहिला हात बनवला आणि 1960 च्या सुमारास मॉस्कोत अलेक्झांडर कोब्रिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हात प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत पोहोचला. इलेक्ट्रॉनिक्स तेव्हापासून पार बदलले, कल्पना तीच राहिली. एक इलेक्ट्रोड हाताच्या आतल्या बाजूला, मूठ मिटवणाऱ्या स्नायूंवर. दुसरा बाहेरच्या बाजूला, बोटे उघडणाऱ्या स्नायूंवर. आतला आकसला की हात मिटतो, बाहेरचा आकसला की उघडतो, आणि जितक्या जोराने आकसावे तितक्या वेगाने. इतकेच. शिकायला एक दुपार पुरते.

अडचण सुरू होते ती बोटे सुटी झाली तेव्हापासून. जुन्या हाताला उघडणे आणि मिटणे एवढेच ठाऊक होते, पण आताच्या हातात तीन बोटांची चिमूट, किल्ली धरण्याची पकड, पूर्ण मूठ, बोट पुढे करून बटण दाबण्याची ठेवण अशा अनेक ग्रिप असतात आणि इशारे मात्र दोनच. मग ग्रिप बदलण्यासाठी दोन्ही स्नायू एकदम, क्षणभर, आवळायचे. केंद्रातले सगळे याला को-कॉन्ट्रॅक्शन म्हणतात. ऐकायला सोपे वाटते, पण दोन स्नायूंपैकी एक निमिषभर आधी आकसला तर हात त्याला मिटण्याचा किंवा उघडण्याचा हुकूम समजतो. म्हणजे ग्रिप बदलायला जावे आणि हातातली वस्तू सोडावी. सकाळी दहापैकी नऊ वेळा जमणारी ही गोष्ट संध्याकाळी, दिवसभर अर्धा किलो वजन कोपरापुढे वागवल्यानंतर, सहा वेळाही जमत नाही. शिवाय ग्रिप एका ठरावीक क्रमाने फिरतात. हवी ती निसटली की पुन्हा सगळे चक्र.

माझी घरची कसोटी लेंग्याची नाडी बांधण्याची आहे. कृत्रिम हाताच्या जाहिरातीत सफरचंद धरलेले दिसते, अंडे धरलेले दिसते, पण नाडी कोणी बांधून दाखवत नाही. डाव्या हाताने किल्लीच्या पकडीत नाडीचे एक टोक धरून ठेवायचे, उजव्याने दुसऱ्या टोकाचा वळसा घालायचा, आणि पहिली गाठ सैल होऊ न देता डाव्या बोटांची जागा बदलायची. यात बळ काहीच लागत नाही. लागते ते असे, की पकड सांगितली तेव्हाच बसावी आणि सुटावी तीही सांगितली तेव्हाच. दोन इलेक्ट्रोडच्या पद्धतीत मला पहिल्या दिवशी चार मिनिटे लागली, बाराव्या दिवशी एका मिनिटाच्या आत काम होऊ लागले. बारा दिवसांत भरलेला कप एकदाच सांडला आणि तोही मला जोराची शिंक आली म्हणून.

दुसऱ्या पद्धतीवर अधिक लिहिणे भाग आहे, कारण सध्या सर्वांत जास्त आश्वासने तिच्याविषयी दिली जातात. तिला पॅटर्न रेकग्निशन म्हणतात. इथे एका स्नायूला एक काम असे वाटप नसते. हाताभोवती गोलाकार बसवलेले आठ इलेक्ट्रोड एकाच वेळी ऐकतात आणि प्रत्येक हालचालीच्या वेळी आठही ठिकाणी मिळून जो ठसा उमटतो, तो ठसा यंत्र ओळखायला शिकते. नसलेला अंगठा नसलेल्या तर्जनीला टेकवण्याची कल्पना केली की एक ठसा, नसलेले मनगट फिरवण्याची कल्पना केली की दुसरा. कॅनडातील न्यू ब्रुन्सविक विद्यापीठात बर्नार्ड हजिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली दाखवून दिले, की सिग्नलच्या छोट्या तुकड्यातून त्याची सरासरी उंची, तो शून्यरेषा किती वेळा ओलांडतो, त्याचा चढ-उतार किती वेळा उलटतो आणि त्याच्या रेषेची एकूण लांबी किती, एवढ्या साध्या मोजमापांवरून हालचाल ओळखता येते. बारावीच्या मुलाला वहीवर करता येईल अशी ही गणिते आहेत आणि आजही बहुतेक यंत्रांच्या पोटात त्यांचीच भावंडे असतात. शिकागोच्या कोॲप्ट कंपनीने 2013 साली ही पद्धत बाजारात आणली. जर्मनीच्या ऑटोबॉककडेही आठ इलेक्ट्रोडची मायो प्लस ही व्यवस्था आहे.

पहिल्या दिवशीचा आनंद मी लपवणार नाही. किल्ली धरायचे मनात आणले आणि हाताने किल्लीची पकड घेतली. मधे कोणताही खुणेचा आवळा नाही, क्रम मोजणे नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदाच, जे करायचे तेच मनात आणायचे आणि तेच व्हायचे, असे घडत होते. यंत्राला शिकवण्याचे काम दोन-तीन मिनिटांचे असते: पडद्यावर दिसेल ती हालचाल मनातल्या मनात करून काही सेकंद धरून ठेवायची, मग पुढची. सिग्नलचे तुकडे साधारण पाव सेकंदाचे घेऊन ते एकमेकांवर सरकवत वाचले जातात, त्यामुळे निर्णयाला उशीर होतो, पण तो जाणवण्याइतका नसतो. शिकागोतील फॅरेल आणि विअर यांनी 2007 साली या उशिराचा नीट अभ्यास करून 100 ते 125 मिलिसेकंद हा योग्य पल्ला सांगितला होता. त्याहून घाई केली तर यंत्राला ओळखायला पुरेसा सिग्नल मिळत नाही आणि फार वेळ घेतला तर माणसाला हात आळशी वाटू लागतो.

कंपनीच्या प्रतिनिधीने पडद्यावरचा आकडा दाखवला. ‘सर, तुमचा सिग्नल एकदम क्लीन आहे, 96 टक्के ॲक्युरसी आहे.’ मी खुर्चीत बसलो होतो, कोपर काटकोनात वाकवलेले होते, खोलीत एसी चालू होता आणि हातात काहीही नव्हते.

तिसऱ्या दिवशी घरी फडताळातून डाळीचा डबा काढायला हात वर केला. हाताने डबा धरला, मी तो खाली घेऊ लागलो आणि खांद्याच्या उंचीवर येता येता बोटे आपोआप उघडली. डबा प्लास्टिकचा होता, डाळ तेवढी सांडली. कारण समजायला अवघड नाही. यंत्राने ठसे शिकले ते कोपर वाकलेले असताना. हात वर गेला की तेच स्नायू कातडीखाली थोडे सरकतात, शिवाय हाताचे आणि डब्याचे वजन पेलण्यासाठी त्यांतले काही वेगळेच आकसतात, आणि मग आठ इलेक्ट्रोडना मिळालेला ठसा शिकवलेल्या कुठल्याच ठशाशी पुरता जुळत नाही. यंत्राला मात्र काहीतरी उत्तर द्यावेच लागते, म्हणून ते सर्वांत जवळचे उत्तर देते. हाताच्या स्थितीचा हा परिणाम संशोधकांना 2010 च्या आसपासपासून चांगलाच ठाऊक आहे आणि त्यावरचा उपायही ठाऊक आहे: यंत्राला शिकवतानाच हात खाली, समोर, वर, बाजूला असा ठेवून आणि शक्य तर वजन धरून शिकवायचे. प्रात्यक्षिकाच्या खोलीत हे मला कोणी सांगितले नव्हते. केंद्रातल्या मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी दहा मिनिटांत सांगितले आणि वर, ‘उभे राहून शिकवा, बसून नको,’ अशी एक जादा सूचनाही दिली. ती सूचना त्या सगळ्या प्रात्यक्षिकाहून मोलाची होती.

नव्याने शिकवल्यावर सुधारणा झाली, यात शंका नाही. फडताळ जमू लागले. तरी मे महिना लागला आणि घाम सुरू झाला. सॉकेटमध्ये हवा खेळत नाही. दुपारी एकच्या सुमारास आत अक्षरशः पाणी साठते, इलेक्ट्रोड कातडीवरून घसरतात आणि शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये घामाची वाट तयार होऊन एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू जाते. दोन इलेक्ट्रोडच्या सॉकेटमध्येही घाम येतोच, पण तिथे इलेक्ट्रोड हाताच्या दोन विरुद्ध बाजूंना असतात आणि विचारायचा प्रश्न एवढाच असतो, की आतला मोठा की बाहेरचा. आठ जणांच्या साक्षीवर निर्णय घेणाऱ्या यंत्राला आठांपैकी दोघे खोटे बोलू लागले की जास्त त्रास होतो. मला दिवसातून तीन वेळा सॉकेट काढून, पुसून, पुन्हा शिकवणी घ्यावी लागली. शिकवणी तीन मिनिटांची असते, हे खरे. पण ती लग्नाच्या पंगतीत बसलेले असताना घ्यावी लागते, हेही खरे.

इथे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला मुख्य मुद्दा येतो. दोन्ही पद्धती चुकतात आणि त्यांच्या चुकांची संख्या मोजली तर दुसरीच्या चुका कदाचित कमीच भरतील. फरक चुकीच्या जातीत आहे. पहिली पद्धत चुकते तेव्हा बहुधा काही घडतच नाही, किंवा चुकीची ग्रिप येते. आणि ती का आली हे मला लगेच कळते, कारण माझाच एक स्नायू मागे राहिलेला असतो. तिच्या चुका मी बाराव्या दिवसापर्यंत ओळखू लागलो होतो, कधी येणार याचा अंदाज घेऊ लागलो होतो. दुसरी पद्धत चुकते तेव्हा हात काहीतरी भलतेच आत्मविश्वासाने करतो आणि माझे कुठे चुकले हे मला समजत नाही, म्हणून पुढच्या वेळी काय सुधारायचे तेही समजत नाही. वर्गात डाव्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा धरून उजव्याने गुण लिहिताना मी हाताकडे पाहत नाही; पाहावे लागले तर तो हात कशासाठी? दुसऱ्या पद्धतीच्या बारा दिवसांत मी हाताकडे सतत पाहत होतो. हे माझ्या स्वतःच्या उशिरा लक्षात आले, पत्नीच्या ते आधीच लक्षात आले होते.

तिसऱ्या पद्धतीवर फार लिहिण्यासारखे नाही. तिच्यात मिटणे-उघडणे दोन इलेक्ट्रोडवरच राहते, ग्रिप मात्र हाताच्या हालचालीने निवडायची: उघडण्याचा इशारा धरून ठेवायचा आणि हात पुढे, मागे, डावीकडे किंवा उजवीकडे हलवायचा, आत बसवलेला चलनमापक ती दिशा ओळखतो. घरात आणि वर्गात ही पद्धत अपेक्षेपेक्षा चांगली चालली, को-कॉन्ट्रॅक्शनचा जाच संपला. एसटीत मात्र फजिती झाली. घाट उतरताना समोरच्या सीटचा दांडा सोडायला हात उघडला, त्याच क्षणी चालकाने ब्रेक लावला आणि बसने दिलेला धक्का हाताने माझी खूण समजून एकच बोट पुढे काढले. शेजारच्या आजोबांनी ते आपल्याला उद्देशून आहे असे समजून विचारले, ‘काय झालं, मास्तर?’ ही सोय वाहनात बसताना बंद करता येते. बंद करण्याचे आठवणीत राहिले पाहिजे, एवढेच.

आता मोजमापाविषयी, कारण केंद्रांत आणि शोधनिबंधांत ज्या चाचण्यांचे आकडे दिले जातात ते खरेदीदाराला वाचता आले पाहिजेत. सर्वांत प्रचलित आहे ती खोके आणि ठोकळ्यांची चाचणी: मधे आडोसा असलेल्या लाकडी खोक्यात अडीच सेंटीमीटरचे 150 ठोकळे आणि एका मिनिटात त्यांतले किती पलीकडे टाकले याची मोजणी. माझे दोन इलेक्ट्रोडवर 21 ठोकळे झाले आणि आठ इलेक्ट्रोडवर 20. यावरून दोन्ही पद्धती सारख्याच, असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल, कारण ठोकळे उचलताना ग्रिप बदलावी लागतच नाही. ज्या कामात पद्धतींमधला फरक दिसायचा ते काम या चाचणीत नाहीच. कपड्यांचे चिमटे आडव्या दांडीवरून काढून उभ्या दांडीवर लावण्याची चाचणी त्या मानाने बरी, कारण तिच्यात मनगट फिरवावे लागते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे 2002 साली तयार झालेल्या चाचणीत 26 कामे आहेत, त्यांत बटणे लावणे, बरणीचे झाकण उघडणे, पाणी ओतणे अशी घरगुती कामेही येतात आणि निरोगी हाताला 100 च्या आसपास गुण पडतात. मला विचाराल तर आकडाच हवा असेल तेव्हा हाच मागावा. मात्र तीही टेबलापाशी बसून द्यायची चाचणी आहे. फडताळ तिच्यात नाही, घाम तर नाहीच.

पडद्यावरच्या 96 टक्क्यांचे काय? तो आकडा खोटा नसतो. धरून ठेवलेल्या हालचालींच्या साठवलेल्या सिग्नलवर यंत्राने किती वेळा बरोबर ओळख केली, एवढेच तो सांगतो. प्रत्यक्ष वापराशी त्याचा मेळ कमी बसतो हे स्वीडनमधील ओर्तिस-कॅटलान यांच्यासारख्या संशोधकांनी स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी या विषयावर प्रकल्प होतात, दोन्ही हात शाबूत असलेल्या मित्रांच्या हातावर पट्टा बांधून सिग्नल घेतले जातात आणि अहवालाच्या शेवटी असाच एखादा नव्वदीतला आकडा येतो. मुलांचा उत्साह मला मोलाचा वाटतो. पण ज्याचा हात गेला आहे अशा एका माणसाला एक दिवस बोलावून, त्याला उभे करून, डोक्यावरचा डबा काढायला सांगितला तर तो आकडा अधिक कामाचा होईल.

आणि हुक. माझ्याकडे खांद्याच्या पट्ट्याने आणि केबलने ओढायचा साधा हुक आहे, दिसायला रुक्ष. त्याच ठोकळ्यांच्या चाचणीत त्याने 32 ठोकळे टाकले. हे काही माझेच कौशल्य नव्हे: 2016 साली झुरिकजवळ क्लोटेन येथे भरलेल्या पहिल्या सायबथलॉनमध्ये, म्हणजे कृत्रिम अवयव आणि सहायक यंत्रे वापरणाऱ्यांच्या स्पर्धेत, कृत्रिम हातांची शर्यत अमेरिकेच्या बॉब रॅडोसी यांनी अशाच, शरीराच्या ओढीवर चालणाऱ्या हाताने जिंकली, आणि समोर महागडे मोटरचे हात होते. केबलमधून पकडीचा ताण खांद्याला जाणवतो, डोळे लावून बसावे लागत नाही. तरी हुक घालून मी वर्गावर जात नाही, आणि याचे कारण तांत्रिक नाही. बिडिस आणि चाऊ यांनी 2007 साली आधीच्या पंचवीस वर्षांतील अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा प्रौढांमध्ये हात सोडून देण्याचे सरासरी प्रमाण केबलच्या हातांना 26 टक्के आणि विजेच्या हातांना 23 टक्के निघाले. इतका कमी फरक पाहिला की माझ्या कपाटातल्या जुन्या हाताविषयीचा अपराधीपणा थोडा कमी होतो.

कोणी काय घ्यावे, याचे माझे उत्तर असे. ज्यांना मोटरचे मनगटही हवे आहे, त्यांनी दुसरी पद्धत अवश्य वापरून पाहावी, कारण दोन इशाऱ्यांवर पकड आणि मनगट दोन्ही चालवणे म्हणजे सतत अदलाबदल करत राहणे. ज्यांचा हात कोपराच्या वर गेला आहे आणि ज्यांच्यावर नसा छातीच्या किंवा दंडाच्या दुसऱ्या स्नायूंकडे वळवण्याची, शिकागोच्या टॉड कुइकेन यांनी 2000 नंतरच्या काळात रूढ केलेली शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठीही तीच पद्धत अधिक सयुक्तिक दिसते. बैठे काम, थंड खोली आणि रोज दोन-तीनदा शिकवणी घेण्याची तयारी असेल, तर तिच्याइतका सहज हात दुसरा नाही. शेतात, कारखान्यात किंवा उन्हातान्हात फिरण्याचे काम असेल तर मी दोन इलेक्ट्रोडचीच शिफारस करेन. हैदराबादचा कलआर्म, मुंबईचा ग्रिपी अशा देशी हातांचा या चाचणीत समावेश नव्हता. त्यांच्याकडे चौकशी करतानाही हात किती ग्रिप करतो हे विचारण्याआधी ग्रिप बदलायची कशी, आणि बदलताना चूक झाली तर हात काय करतो, हे विचारावे. परदेशी सुट्या बोटांचे हात बहुतेकदा दोन आकडी लाखांत जातात, तेव्हा निदान दहा दिवस तात्पुरत्या सॉकेटवर घरी वापरायला मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. काही ठिकाणी नकार मिळतो. मलाही एका ठिकाणी मिळाला आणि तिथून मी उठून आलो.

मी स्वतः दोन इलेक्ट्रोडवर थांबलो आहे, पण एक बदल करून. हातात भरलेल्या सगळ्या ग्रिपपैकी दोनच चालू ठेवल्या: तीन बोटांची चिमूट आणि किल्लीची पकड. दोनच असल्या की चक्र उरत नाही. एकदा दोन्ही स्नायू आवळले की ही, पुन्हा आवळले की ती, आणि नेम चुकला तरी परत यायला एकच पाऊल. पाचव्या आठवड्याच्या शेवटी नाडी 40 सेकंदांत बांधून झाली. मॅडमनी कायमच्या सॉकेटसाठी इलेक्ट्रोडच्या जागा जांभळ्या पेन्सिलीने हातावर आखून घेतल्या, मला हात खाली, समोर आणि डोक्यावर धरायला लावून तिन्ही वेळा सिग्नल पाहिला, आणि बाहेरच्या बाजूची खूण अर्धा सेंटीमीटर कोपराकडे सरकवली. सॉकेट जूनमध्ये, कॉलेज उघडण्याच्या आठवड्यात मिळेल.